लक्ष्मीबाई डोंगरे यांची पहांटेची शाळा

शिक्षणाचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा शाळेच्या इमारतीपासून आरंभ करितात. इमारत कोणीं बांधली, वर्षासन कोणीं दिलें, पहिल्या दिवशीं पटावर किती मुलें होतीं, पहिला पंतोजी कोण, हें सर्व दप्तरांत लिहिलेलें सांपडतें; आणि जें लिहिलेलें सांपडतें त्याचाच इतिहास होतो. महाराष्ट्रांतील स्त्रीशिक्षणाचा इतिहासहि याच रीतीनें १८४८ सालच्या जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यांतील शाळेपासून लिहिला जातो, व तें योग्यच आहे. परंतु जिला इमारत नव्हती, पट नव्हता, तपासणीस नव्हता, आणि जिच्यांत एकच विद्यार्थिनी होती, अशा एका शाळेविषयीं आम्हांस येथें लिहावयाचें आहे. ती शाळा सुमारें १८६६ पासून १८७३ पर्यंत भरली. आज एका क्षेत्रांत, तर कांहीं दिवसांनीं दुसऱ्याच क्षेत्रांत. शिक्षिका लक्ष्मीबाई डोंगरे. विद्यार्थिनी त्यांची धाकटी मुलगी रमा, जी पुढें पंडिता रमाबाई या नांवानें देशोदेशीं प्रसिद्धीस आली.

रमाबाईंची पूर्वपीठिका सांगतांना चरित्रकार त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याकडे प्रथम वळतात. शास्त्रीबोवा कारकळजवळच्या माळ गांवचे चित्पावन. विद्यार्थिदशेंत ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांजपाशीं शिकत. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणशीबाई यांस संस्कृत शिकवीत असत. गुरूंबरोबर वाड्यांत गेलें असतां एका स्त्रीच्या मुखांतून संस्कृत श्लोक या तरुण शिष्याच्या कानीं पडले, आणि आपल्या घरींहि असें व्हावें हा ध्यास त्यानें घेतला. गांवीं परतल्यावर त्यानें पत्नीस शिकविण्याचा प्रयत्न करून पाहिला. तिची अनिच्छा व वडील माणसांचा विरोध यांमुळें तो फसला. ती निवर्तल्यावर, वयाची चाळिशी उलटली असतां, पैठणास गोदावरीवर स्नान करीत असलेल्या या शास्त्र्यास यात्रेस निघालेल्या एका ब्राह्मणानें पाहिलें, गोत्रकुळाची चौकशी केली, दुसऱ्या दिवशीं आपली नऊ वर्षांची मुलगी त्यास दिली, आणि तो पुढच्या क्षेत्रास चालता झाला. तीच लक्ष्मीबाई. रमाबाईंनीं आपल्या इंग्रजी ग्रंथांत हा विवाह कोणाचेंहि नांव न घेतां उदाहरणादाखल सांगितला आहे; मुलगी भल्या माणसाच्या हातीं पडली हें तिचें सुदैव, एवढेंच त्या म्हणतात. ती आपली आई होती हें त्या तेथें वाचकास कळूं देत नाहींत.

या दुसऱ्या पत्नीस शास्त्रीबोवांनीं शिकविण्यास आरंभ करितांच घरांत व गांवांत गवगवा झाला. उडुपीस माध्व संप्रदायाच्या आचार्यांपुढें त्यांस जाब द्यावा लागला. वेद सोडून बाकीचें संस्कृत वाङ्मय स्त्रीशूद्रांनीं शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाहीं, हें त्यांनीं जमलेल्या सुमारें ४०० पंडितांपुढें ग्रंथाधारानें सिद्ध केलें, असें रमाबाई सांगतात. वाद जिंकला तरी शेजार जिंकला गेला नाहीं. शेवटीं ते पत्नीस घेऊन पश्चिम घाटांतील गंगामूळच्या अरण्यांत राहावयास गेले.

हा प्रसंग सांगतांना बहुतेकांची लेखणी शास्त्रीबोवांच्या धैर्याशीं येऊन थांबते. त्या धैर्याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. परंतु या सबंध कथेंत अनंतशास्त्री कर्ता आणि लक्ष्मीबाई कर्म अशीच वाक्यरचना चालते: त्यांनीं तिला वरिलें, शिकविलें, अरण्यांत नेलें. त्या अरण्यांतली पहिली रात्र कशी गेली याचें वर्णन रमाबाईंच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत आलेलें आहे. डोक्यावर छप्पर नाहीं, जवळच वाघाची डरकाळी, आणि ती पोर पासोडींत अंग गुंडाळून भुईवर भयानें थरथरत पडलेली. नवरा उजाडेपर्यंत पहारा करीत बसला होता. वाचकानें पुरुषाचा पहारा पाहावा आणि त्या मुलीचें थरथरणेंहि पाहावें, एवढीच आमची विनंती आहे. विद्या तिनें मागितली नव्हती. ती तिच्यावर येऊन पडली. आणि पुढें तीच तिनें आपली केली.

गंगामूळास झोंपडीचें घर झालें. शास्त्रीबोवांची कीर्ति ऐकून विद्यार्थी येऊन राहूं लागले, यात्रेकरूंचा राबता सुरू झाला. या सर्वांच्या जेवणाचा भार कोणावर होता हें सांगावयास नको. लक्ष्मीबाईंस सहा मुलें झालीं. त्यांपैकीं कृष्णाबाई, श्रीनिवास आणि १८५८ च्या एप्रिलांत जन्मलेली रमा हीं तीन वांचलीं. अतिथि व शिष्य यांच्या पायीं घरचा पैसा सरला, कर्ज झालें, आणि रमा सहा महिन्यांची असतां कुटुंब घाट उतरून निघालें. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यांत घालून खालीं आणिलें. येथून पुढें डोंगरे कुटुंबास घर असें राहिलें नाहीं. क्षेत्रामागून क्षेत्र करावें, नदींत स्नान करावें, देवळांत अथवा घाटावर पोथी मांडून पुराण वाचावें, आणि श्रोते जें पुढें ठेवतील, फूल, फळ, मिठाई किंवा पैसा, त्यावर निर्वाह करावा, असा क्रम सुरू झाला.

येथें एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे, कारण तिच्यावांचून ही शाळा झालीच नसती. त्या काळीं ब्राह्मणाच्या घरीं आठ वर्षांची मुलगी म्हणजे सासरीं जावयाची मुलगी. जी विद्या आठव्या वर्षीं आरंभावयाची ती शिकविण्यास आईच्या हातीं मुलगी राहतच नसे. थोरल्या कृष्णाबाईचें लग्न रूढीप्रमाणें लहानपणींच झालें होतें. जांवयाचें शिक्षण व्हावयाचें होतें तें झालें नाहीं, आणि त्या विवाहानें मुलीच्या वांट्यास दुःखाशिवाय कांहीं आलें नाहीं. तो चटका आईबापांस असा बसला कीं, धाकटीचें लग्न त्यांनीं लांबणीवर टाकिलें, आणि लोकनिंदा सोशिली. म्हणजे एका मुलीच्या आयुष्याचें नुकसान झालें तेव्हां दुसरीस सात वर्षें मोकळीं मिळालीं. लक्ष्मीबाईंच्या पदरीं या दोन्ही मुली एकाच वेळीं होत्या. रोज पहांटे धाकटीस उठवितांना शेजारीं निजलेली थोरली त्यांच्या दृष्टीस पडत नसेल काय?

मोठ्या दोघां मुलांस वडिलांनींच शिकविलें होतें. रमेची पाळी आली तेव्हां शास्त्रीबोवा सत्तरीच्या आसपास पोहोंचले होते, आणि शिकविण्याचें काम आईकडे आलें. आईस दिवसा सवड नाहीं. स्नान, देवदर्शन, स्वयंपाक, ब्राह्मणभोजन, पुराण, पुन्हा स्वयंपाक, आणि निघावयाचें झालें कीं बांधाबांध, यांत दिवस संपे. उरला तो एकच प्रहर, ज्यावर कोणाचाच हक्क नव्हता. उजाडण्यापूर्वीं लक्ष्मीबाई उठत, भुईवरच्या अंथरुणांत गाढ झोंपलेल्या मुलीस जवळ घेत, लाडीगोडीनें जागी करीत, आणि पांखरें किलबिलूं लागत त्या वेळीं संथा सुरू होई. पुस्तक नाहीं, आईच्या तोंडून जें निघेल तेंच पुस्तक. हें वर्णन रमाबाईंच्या ग्रंथास प्रस्तावना लिहिणाऱ्या डॉ. रेचेल बॉडले या अमेरिकन विदुषीनें दिलें आहे, आणि तें तिनें रमाबाईंच्याच तोंडून ऐकलेलें असलें पाहिजे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें त्यावरून गंगामूळचें अरण्य उभें राहतें. परंतु तें अरण्य रमेनें सहा महिन्यांची असतांनाच सोडलें होतें. तेव्हां पांखरें खरीं, पण तीं कोणत्या गांवच्या झाडांवरचीं होतीं हें रोज बदलत होतें असें आम्ही समजतों.

संथा म्हणजे काय हें आजच्या तरुण वाचकांस सांगावें लागेल. गुरूनें चरण म्हणावा, शिष्यानें तो पुन्हा म्हणावा. उच्चार चुकला तर तेथेंच थांबावें. चरण जुळले कीं श्लोक, श्लोक जुळले कीं अध्याय. आदल्या दिवशींचें म्हणून दाखविल्यावांचून नवें नाहीं. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत रमेस पुराणांतले १८,००० श्लोक मुखोद्गत झाले होते असें बॉडलेबाई लिहितात. भागवताची परंपरागत श्लोकसंख्याहि तेवढीच आहे. आम्हीं सहज हिशेब करून पाहिला: आठव्यापासून बाराव्या वर्षापर्यंत एकहि दिवस न चुकतां चालले तरी रोज १२ श्लोक पडतात, आणि मागच्यांची आवृत्ति वेगळी. त्यांत प्रवासाचे दिवस आले, ज्वराचे आले, उपासाचे आले. त्या दिवशींचे बारा दुसऱ्या दिवशींच्या बारांवर चढले असतील. शिकणारीची स्तुति सर्वांनीं केली आहे. पण १८,००० श्लोक ऐकून घेणारें आणि प्रत्येकांतला ऱ्हस्वदीर्घ सांभाळणारें एक माणूस समोर होतें, आणि तें माणूस स्वतः नऊ वर्षांचें असतांना अक्षर शिकावयास बसलेलें होतें. भागवताबरोबर व्याकरण आणि कोशहि चालले. हें महत्त्वाचें आहे. पुष्कळ पुराणिक श्लोक वाचीत, अर्थाच्या वाटेस जात नसत. रूपें आणि पर्यायशब्द ज्याच्या जिभेवर आहेत त्याला श्लोकाचें कुलूप आपलें आपण उघडतां येतें.

इंग्रजी वाङ्मय वाचणाऱ्यांस येथें दुसऱ्या एका आईची आठवण होईल. लिंकनशायरमधील एपवर्थच्या धर्मोपदेशकाची पत्नी सुझाना वेस्ली इनें एकोणीस मुलें प्रसविलीं आणि जीं वांचलीं त्यांस घरींच शिकविलें. मूल पांच वर्षांचें झालें कीं दुसऱ्या दिवशीं त्यास एकाच दिवसांत मुळाक्षरें शिकवावयाचीं, लगेच बायबलाच्या पहिल्या अध्यायापासून वाचन, सकाळीं नऊ ते बारा व दुपारीं दोन ते पांच शाळा, असा तिचा कडक नेम होता. हें सर्व आपणांस ठाऊक आहे, कारण तिच्या मुलानें, म्हणजे मेथॉडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली यानें, आईकडे तिची पद्धति लिहून मागितली, आणि तिनें २४ जुलै १७३२ रोजीं ती पत्रानें कळविली. लक्ष्मीबाईंस असें पत्र लिहावयास कोणीं सांगितलें नाहीं. मुलगी लिहूं लागली तेव्हां आई या जगांत नव्हती. एपवर्थच्या बाईस निदान एक घर होतें, दार लावून घेण्याजोगें. आमच्या बाईस पहांटेचा अंधार हीच भिंत.

या शाळेच्या मर्यादा लपविण्याचें कारण नाहीं. रमाबाईंनीं १९०७ सालीं आपल्या जीवनाविषयीं जी इंग्रजी पुस्तिका लिहिली तींत त्या स्पष्ट सांगतात कीं, मुलांचा बाहेरच्या जगाशीं संबंध येऊं नये अशी आईबापांची इच्छा होती. संस्कृतावांचून दुसरी भाषा शिकणें नाहीं. व्यावहारिक विद्या म्हणजे मोक्षमार्गांतला अडथळा. इंग्रजीचा तर वाराहि नको. मुलींसाठीं कोठें शाळा आहेत व तेथें वरचें शिक्षण मिळतें हें त्यांच्या कानींहि आलें नव्हतें. वेदाचें दार वडिलांनींच बंद ठेविलें होतें. लक्ष्मीबाई सुधारक नव्हत्या. त्यांस आपली मुलगी उत्तम, निष्ठावान्, शास्त्र जाणणारी हिंदु स्त्री व्हावी असें वाटे. कानडी, हिंदुस्थानी वगैरे भाषा मुलीस आल्या त्या वाटेवरच्या, ऐकून ऐकून. त्यांचा धडा कोणीं दिला नव्हता.

आणि तरीहि त्याच पुस्तिकेंत रमाबाईंनीं आईच्या शिकवणीचें जें फळ सांगितलें आहे तें श्लोकांच्या संख्येंत नाहीं. दुसऱ्या कोणाच्या फारशा मदतीवांचून आपलें शिक्षण आपणच पुढें चालवितां येईल असें वळण आईनें आपल्या बुद्धीस लाविलें, असा त्यांचा अभिप्राय आहे. आम्ही तीस वर्षें कॉलेजांत शिकवीत आलों आहों. पाठांतराविरुद्ध भाषणें आम्हींहि केलीं आहेत, आणि त्यांस टाळ्या मिळाल्या आहेत. परंतु आमच्या हाताखालून गेलेल्या किती विद्यार्थ्यांविषयीं हें एक वाक्य लिहितां येईल याचा हिशेब मात्र आम्हीं अद्याप मांडलेला नाहीं. मांडण्याचें धैर्य होत नाहीं. टिपणें बंद झालीं कीं ज्यांचें वाचन बंद होतें असे पदवीधर आम्हींच बाहेर पाठविले आहेत.

शाळा बंद कशी झाली तें थोडक्यांत सांगतों. जवळचा पैसा व्रतेंउद्यापनें, तीर्थें आणि दानधर्म यांत संपला; त्यांतच मद्रास इलाख्यांत दुष्काळ. मोलमजुरी करणें कुळास कमीपणाचें, भीक मागणें त्याहून लाजिरवाणें, आणि पोट भरण्याची व्यावहारिक विद्या तर मुद्दाम दूर ठेविलेली. उपासमारींत प्रथम अनंतशास्त्री गेले. नंतर थोड्याच दिवसांत लक्ष्मीबाई तापानें पडल्या. भुकेची वेदना असह्य होऊन त्यांनीं रमेस शेजारणीकडे बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा मागावयास पाठविलें. शेजारीण प्रेमानें बोलली. पण हजारों श्लोक ज्या तोंडांतून अस्खलित निघत त्या तोंडांतून हें एक वाक्य निघेना. डोळ्यांतलें पाणी तिनें आवरलें तर तें नाकावाटे वाहूं लागलें. त्या बाईनें ओळखलें आणि भाकरी दिली. मुलगी धांवत आली. आईस ती खाववली नाहीं. कांहीं दिवसांनीं त्या वारल्या. तिरडीस चार माणसें हवीं होतीं. मुलगा श्रीनिवास आणि महत्प्रयासानें मिळालेले दोन ब्राह्मण मिळून तीन झाले. चौथी रमा झाली. ठेंगणी असल्यामुळें तिचा खांदा पुरेना, म्हणून तिनें आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला, आणि स्मशान तेथून सुमारें तीन मैल होतें.

पुढें कांहीं महिन्यांनीं कृष्णाबाईहि गेल्या. उरलेलीं दोघें भावंडें पायीं हिंडत हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं रमेची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, हा भाग सर्वश्रुत आहे. त्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी कीं, पडद्यांतील स्त्रियांस शास्त्रोक्त स्त्रीधर्मावर व्याख्यानें द्यावीं अशी विनंती त्यांस करण्यांत आली, आणि त्या तयारीसाठीं त्यांनीं धर्मशास्त्राचे ग्रंथ आपले आपण वाचावयास घेतले. कोणीं टीका सांगितली नाहीं, कोणीं अर्थ लावून दिला नाहीं. व्याकरण आणि कोश जवळ होतेच. वाचतां वाचतां त्यांस आढळलें कीं, बाकीच्या सर्व बाबतींत एकमेकांशीं भांडणारे हे ग्रंथ स्त्री स्वभावतःच दुष्ट व मोक्षास अनधिकारी या एका गोष्टीवर मात्र एकमतानें बोलतात. ब्राह्म समाजाचे केशवचंद्र सेन यांनीं त्यांस वेदाची प्रत दिली तेव्हां प्रथम त्यांस आश्चर्य व भय वाटलें. मग तेंहि दार उघडलें. आईनें ज्या निष्ठेसाठीं विद्या दिली त्या निष्ठेचाच शोध त्या विद्येनें घेतला. यांत आईची शिकवण फसली असें म्हणणारे लोक तेव्हां होते, आतांहि सांपडतील. आमच्या मतें ती जितकी सफल झाली तितकी लक्ष्मीबाईंस स्वतःलाहि सोसली नसती.

भाऊ १८८० सालीं गेला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशीं विवाह झाला. १८८१ च्या एप्रिलांत मनोरमेचा जन्म, आणि १८८२ च्या आरंभीं वैधव्य. नंतर पुणें, आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’, आणि १८८३ सालीं इंग्लंड. त्याच वर्षीं सप्टेंबरांत वाँटेज येथें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. महाराष्ट्रानें याबद्दल त्यांस पुष्कळ काळ क्षमा केली नाहीं. १८८७ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें ‘दि हाय कास्ट हिंदु वूमन’ हा ग्रंथ छापला गेला. हिंदु कुटुंबांतील स्त्रीच्या हालांचें हें वर्णन त्यांनीं अर्पण केलें तें एका सनातन हिंदु स्त्रीस, आपल्या आईच्या स्मृतीस. आणि अर्पणपत्रिकेंत तिच्या सहवासाच्या प्रभावाबरोबर तिच्या शिकवणीचाहि उल्लेख केला. वडिलांविषयींचा आदर रमाबाईंच्या लेखनांत जागोजाग आहे. पण पहिलें पान त्यांनीं आईस दिलें.

मनोरमेच्या वेळीं प्रश्न उलटा आला. वाँटेजच्या मठांतील सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं रमाबाईंचा या मुलीच्या धर्मशिक्षणावरून बराच पत्रव्यवहार झाला. कोणतीं मतें मुलीच्या मनावर बिंबवावीं हें ठरविण्याचा अधिकार आईचा, ही बाजू त्यांनीं सोडली नाहीं. स्वतःची सकाळ मात्र त्यांस लक्ष्मीबाईंसारखी एकाच मुलीस देतां आली नाहीं. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन निघालें, पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें, मग केडगांवचें मुक्तिसदन. आणि दुष्काळांतून उचलून आणलेल्या शेंकडों मुली. मनोरमाबाई पुढें आईच्याच कामांत पडल्या व १९२१ सालीं, आईच्या आधीं, वारल्या. रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून मूळावरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्यास घेतलें होतें. नव्या भाषेची रूपें पाठ करावयाचीं, कोश जवळ ठेवावयाचा, आणि वाक्य आपलें आपण सोडवावयाचें, हा अभ्यास त्यांस नवा नव्हता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या, त्यापूर्वीं थोडेच दिवस तें काम पुरें झालें होतें. तें केडगांवच्या छापखान्यांत आश्रमांतील मुलींनींच छापलें.